ऐन पुलावर

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, शत्रूचा रणगाडा पुलाच्या तोंडाशी आलेला असताना, मिस्त्रींचा कॉम्प्युटर नवव्यांदा बंद पडला. पडदा काळा झाला, पंखे क्षणभर थांबले आणि मग आपण त्या गावचेच नाही अशा थाटात यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागलं.

टेबलावर उताण्या ठेवलेल्या फोनमधून मेहुण्याचा आवाज आला, "भाऊजी? गेलात का?"

"गेलो."

"पूलही गेला."

मिस्त्रींनी माऊस हळूच बाजूला ठेवला. ते व्यवसायाने लिफ्ट दुरुस्त करणारे. बावीस वर्षांत त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं फोनवर किंचाळत तेव्हा मिस्त्री शांतपणे विचारत, "कुणी बटण दाबून धरलंय का, ते आधी बघा." निम्म्या तक्रारी तिथेच मिटत. उरलेल्या ते जाऊन मिटवत. बंद पडलेली वस्तू आपल्यासमोर फार काळ बंद राहत नाही, असा त्यांचा लौकिक होता आणि तो त्यांच्याही कानावर आलेला होता.

म्हणूनच हा कॉम्प्युटर त्यांनी तयार आणला नव्हता. आठ महिने एकेक सुटा भाग निवडून, स्वतःच्या हाताने जोडला होता. पेटीला काचेची भिंत होती, आत निळे-जांभळे दिवे फिरत. पेटीच्या डोक्यावर एक थोरला स्पीकर विराजमान होता, कारण स्फोट नुसता ऐकू येऊन भागत नाही, तो छातीत जाणवला पाहिजे, असं मिस्त्रींचं म्हणणं होतं. तो शेजाऱ्यांच्याही छातीत जाणवे.

खेळ चौघांच्या संघाचा. मेहुणा कप्तान, त्याच्या ऑफिसातले दोघे आघाडीवर आणि पूल मिस्त्रींकडे. पूल पडला की सामना हरला. मिस्त्री दर वेळी ऐन पुलावर गायब होत, त्यामुळे संघ नऊ सामने ओळीने हरला होता. पण मेहुण्याने त्यांना कधी बोल लावला नाही. उलट हरल्यावर तो दोघांना सांगे, "भाऊजी असते ना, तर चित्र वेगळं असतं." हे इतक्यांदा सांगून झालं की ते दोघेही मिस्त्रींबद्दल दबलेल्या आवाजात बोलू लागले. हळूहळू मिस्त्रींनाही ते पटलं.

दुरुस्तीला त्यांनी उष्णतेपासून सुरुवात केली. काचेची भिंत काढली आणि बैठकीच्या खोलीतला पंखा आणून पेटीपुढे उभा केला. बैठकीच्या खोलीत बायको वर्तमानपत्राने वारा घेत बसली.

"काही फरक?" तिने विचारलं.

"यंत्र गार आहे."

"मी नाही."

कॉम्प्युटर गार होऊन बंद पडला. मग त्यांनी मेमरीच्या पट्ट्या काढल्या, खोडरबराने घासल्या, परत बसवल्या. मग सगळे भाग सुटे करून जेवणाच्या टेबलावर क्रमाने मांडले. घरात आठवडाभर ताटं मांडीवर आली. मग वीज कमी पडत असेल म्हणून स्वयंपाकघरातून वेगळी वायर ओढली, आणि तिच्यावर भार नको म्हणून कपडे धुण्याचं मशीन बंद ठेवलं.

बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. दिवसाला शंभर नमुने तिच्या हाताखालून जात, आणि लक्षणं ऐकून परस्पर निदान करणाऱ्या माणसांवर तिचा मुळीच विश्वास नव्हता. तिने एका जुन्या डायरीत कॉम्प्युटर बंद पडल्याच्या वेळा लिहायला घेतल्या. मिस्त्रींनी ते पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

शेवटी त्यांनी पेटी उचलून सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराकडे नेली. दुकानदाराने ती तीन दिवस अखंड चालवली. तोच खेळ, तोच पूल. एकदाही बंद पडली नाही.

"यंत्र निर्दोष आहे," दुकानदार म्हणाला. "दोष तुमच्या घरात आहे."

"घरात काय दोष असणार?"

"ते तुमचं तुम्ही बघा. घराचे सुटे भाग आम्ही नाही विकले."

हे वाक्य घेऊन मिस्त्री घरी आले आणि जिना चढता चढता थबकले. शेजारून लिफ्ट वर जात होती. तिची मोटर सुरू झाली की दिव्यांचा उजेड जरा मंदावतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. या इमारतीची लिफ्टही त्यांच्याच देखरेखीखाली होती. म्हणजे लिफ्ट चालली की वीज दबते आणि वीज दबली की पूल पडतो! इतकी सरळ गोष्ट इतके दिवस आपल्या लक्षात कशी आली नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

पुढच्या शनिवारी सहा वाजता त्यांनी लिफ्टला 'तपासणी चालू' अशी पाटी लावली, मुख्य खटका खाली ओढला आणि खेळायला बसले.

सव्वासहाला दारावर थाप पडली. इमारतीचे अध्यक्ष उभे होते. ते सहाव्या मजल्यावर राहत आणि त्या क्षणी दुसऱ्यावर होते. त्यांच्या कवेत मातीने भरलेली मोठी कुंडी होती आणि कुंडीतल्या झाडामागून फक्त त्यांचा चष्मा दिसत होता.

"मिस्त्री," झाडामागून आवाज आला, "लिफ्टला काय झालंय?"

मिस्त्री धंद्यात खोटं बोलत नसत. "काही नाही. लिफ्ट ठणठणीत आहे."

"मग बंद का?"

"तपासणी चालू आहे."

"कसली तपासणी?"

तेवढ्यात आतल्या खोलीत धडाम्‌ असा आवाज झाला, भिंतीवरचं घड्याळ थरथरलं आणि पाठोपाठ सगळं शांत झालं. फोनमधून बारीक आवाज आला, "भाऊजी? गेलात का?"

मिस्त्रींनी मान वळवून काळा पडदा पाहिला. "झाली तपासणी," ते म्हणाले. "लिफ्टचा काही दोष नाही, हे आता सिद्ध झालं."

अध्यक्षांनी कुंडी मिस्त्रींच्या उंबऱ्यावर ठेवली. "सोमवारी तुमच्या कंपनीला माझं पत्र जाईल," ते म्हणाले आणि मोकळ्या हातांनी वर गेले.

पत्र खरंच गेलं. कंपनीने खुलासा मागितला. मिस्त्रींनी लिहून दिलं की लिफ्टची तपासणी केली, दोष आढळला नाही. यात एकही शब्द खोटा नव्हता. पण बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला लेखी खुलासा द्यावा लागला, आणि त्या दिवशी मिस्त्री जेवले नाहीत.

बायकोने डायरी आणून त्यांच्यापुढे ठेवली. "लिहायला लागल्यापासून अकरा वेळा बंद पडला. अकराही वेळा आधी धडाम्‌ झालं."

"अगं, स्फोट झाला की चित्र काढणाऱ्या कार्डावर ताण येतो. सगळ्यांना माहीत आहे."

"दुकानात स्फोट होत नव्हते?"

"होत होते की."

"मग तिथे का नाही बंद पडला? स्पीकर नेला होतात का?"

"स्पीकर कशाला नेऊ? स्पीकरचा काय संबंध?"

बायकोने दोन्ही हातांनी स्पीकर पेटीवरून उचलला आणि खुर्चीवर ठेवला. "आता खेळा."

मिस्त्री खेळले. चार स्फोट झाले. यंत्र चालू. तिने स्पीकर परत पेटीवर ठेवला. पहिल्याच स्फोटाला पडदा काळा. पुन्हा खाली, चालू. पुन्हा वर, बंद. मिस्त्रींना एव्हाना पटलं होतं, पण लॅबच्या शिस्तीप्रमाणे तिने तिसऱ्यांदाही करून घेतलं. मग चष्मा नाकावर ओढून ती पेटीच्या माथ्यावर वाकली. तिथे यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचं एक इवलंसं बटण होतं. ते खाचेत अर्धवट अडकून बसलं होतं. आणखी केसभर दबलं की काम तमाम, आणि तेवढं दाबायला स्पीकरची थरथर पुरत होती.

"बटण," बायको म्हणाली, "दाबलेलं आहे."

एवढं बोलून ती थांबली. आणखी चार शब्द बोलली असती तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

त्यांनी पेटी उघडून त्या बटणाची बारीक वायर उपटून टाकली. शर्टाची गुंडी लावायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

शनिवारी मेहुण्याने संघाला सांगितलं, "आज भाऊजी शेवटपर्यंत आहेत." दोघे ऑफिसवाले आदराने गप्प झाले. रणगाडा पुलाच्या तोंडाशी आला. यंत्र चालूच राहिलं. आणि त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं की यापुढे काय करायचं असतं, ते आपल्याला माहीतच नाही.

त्यांनी बॉम्ब फेकला. तो कठड्याला लागून परत आला. पूल पडला.

"हरकत नाही, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "पहिलीच खेप."

दुसऱ्या शनिवारी मिस्त्रींनी अचूक नेम धरून मेहुण्याला मारलं.

"भाऊजी, मी आपला!"

"दिसला नाहीस."

"मी समोरच होतो. हात हलवत होतो."

"मला वाटलं, शरण येतोयस."

तिसऱ्या शनिवारी शत्रू यायच्या आतच पूल पडला. तो कसा पडला, याची चौकशी मेहुण्याने केली नाही. यंत्र मात्र मंद घुमत, निळे-जांभळे दिवे फिरवत, एकदाही न अडखळता चालू होतं.

बुधवारी मेहुण्याचा फोन आला. सुरुवातीला त्याने तब्येतीची चौकशी केली, तेव्हाच मिस्त्री सावध झाले.

"भाऊजी, आम्ही एक ठरवलंय. तुम्ही आता संघाचे सल्लागार व्हायचं."

"सल्लागार म्हणजे?"

"म्हणजे असं बघा, तुमचा अनुभव एवढा मोठा. तो पुलावर वाया जातोय."

मिस्त्रींनी विचार केला. बोलण्यात तथ्य होतं. "मग पुलावर कोण?"

पलीकडे घसा खाकरला गेला. "ताई शनिवारी मोकळी असते का?"

शनिवारी बायको खुर्चीवर बसली. पुढे जायचं बटण कुठलं, थांबायचं कुठलं आणि मारायचं कुठलं, एवढंच तिने विचारून घेतलं. मिस्त्री मागे हाताची घडी घालून उभे राहिले. रणगाडा आला. "मार," सल्लागार म्हणाले. तिने मारलं नाही. "अगं, मार ना!" तिने ऐकलं नाही. रणगाडा पुरता पुलाच्या मध्यावर आला, पोट उघडं पडलं, तेव्हा तिने एकदाच बटण दाबलं.

पूल उभा राहिला. फोनमधून तिघांचा एकदम आरडाओरडा सुरू झाला.

"एवढंच होतं?" बायको म्हणाली आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली.

मिस्त्री रिकाम्या खुर्चीत बसले. पडद्यावर विजयाचे कागद उडत होते. त्यांनी ते शेवटचा कागद पडेपर्यंत पाहिले आणि फोन उचलला.

"बघितलंस ना?" ते म्हणाले. "एवढा वेळ चालला, एकदा तरी बंद पडला का? स्वतःच्या हाताने जोडलाय."

मेहुण्याने क्षणाचाही विलंब लावला नाही. "भाऊजी," तो म्हणाला, "तुमच्या मशीनला तोड नाही."