करड्या पोटाचा हिमकोंबडा

"साहेब, तो कोंबडा धुतला," मावशी म्हणाल्या आणि संग्रहपालांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"कुठला कोंबडा?"

"तिसऱ्या दालनातला. उद्या तपासणीला पाहुण्या येणार म्हणालात ना? पोट तर नुसतं काळवंडलं होतं बिचाऱ्याचं. आता बघा, कसा लख्ख निघालाय!"

संग्रहपाल धावतच सुटले. तिसऱ्या दालनातल्या काचेच्या कपाटात पेंढा भरलेले दोन हिमकोंबडे शेजारी शेजारी उभे असत. दोघंही उंच बर्फाळ डोंगरांवरचे, उडण्यापेक्षा चालणं पसंत करणारे, दिसायला सख्खे भाऊ. पण पाट्यांवर जाती दोन. एक पांढऱ्या पोटाचा, दुसरा करड्या पोटाचा. संग्रहपाल स्वतः कधी डोंगर चढले नव्हते, त्यांना जिन्यातच धाप लागे. मात्र या दोघांसमोर स्टूल टाकून त्यांनी एकोणीस वर्षं काढली होती आणि दोघांमधल्या सत्तावीस फरकांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं.

करड्या पोटाचा कोंबडा खिडकीत उन्हाला वाळत होता. पोट पांढरंशुभ्र, त्यावर बारीक काळ्या रेघा. हुबेहूब शेजाऱ्यासारखा.

"मावशी, काय लावलंत याला?"

"शाम्पू. लहान मुलांचा. डोळ्यांत गेला तरी झोंबत नाही."

संग्रहपालांनी आपलं पुस्तक उघडलं. पोटाचा पहिला फरक तर वाहूनच गेला होता. "फरक नववा," त्यांनी वाचलं. "करड्याची नजर अर्धोन्मीलित, चिंतनशील."

"डोळ्यावर धूळ होती, साहेब. पुसली."

"फरक चौदावा. करड्याची मान किंचित डावीकडे."

"ती माझ्या झाडूनं वळली. झाली असतील बारा-पंधरा वर्षं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही लिहीत होतात. म्हटलं, कशाला मध्ये बोला."

संग्रहपालांनी पुस्तक मिटलं. "मावशी, याला परत मळवा."

"मी साफसफाईला आहे, साहेब. मळवायचं काम माझ्याकडे नाही."

शेवटी त्यांनी स्वतःच व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी आणली आणि रंग जुळवायला दोन्ही कोंबडे पाट्यांसकट फरशीवर शेजारी शेजारी मांडले. कोरड्या पिसांवर धूळ ठरेना, म्हणून आधी धुतलेल्याच्या पोटाला आपलं केसांचं तेल चोळलं आणि मग पिशवी झटकली. ती तळातून फाटली. धुरळा खाली बसला तेव्हा शेजारचा पांढरा कोंबडाही करडा झाला होता, संग्रहपालही. जातींच्या पाट्या कुठे उडाल्या ते कळायला मार्ग नव्हता.

मावशींनी शांतपणे बादली भरून आणली. "आता यातला एक धुवायचा ना? कुठला धुऊ?"

"कुठलाही," संग्रहपाल म्हणाले, आणि आपलाच शब्द कानावर पडताच ते स्टुलावर मटकन बसले. एकोणीस वर्षं! मावशींनाही वाईट वाटलं. त्यांनी हाताला येईल तो कोंबडा उचलला आणि आवाज न करता धुवायला घेतला.

नेमक्या त्याच वेळी पाहुण्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पक्षिशास्त्राच्या प्राध्यापक. गाडी मिळाली म्हणून एक दिवस आधीच आल्या होत्या. बादलीत एक कोंबडा, फरशीवर दुसरा आणि डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेले ग्रंथकर्ते.

लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. संग्रहपालांनी सगळं सांगून टाकलं. "दोन्ही एकाच जातीचे निघाले, बाई. पुस्तक मागे घेतो. तुम्ही खुशाल अहवाल पाठवा."

बाईंचा चेहरा पडला. "मागे घेता? अहो, अकरा वर्षं मी तुमचं पुस्तक शिकवतेय! सत्तावीसच्या सत्तावीस फरक लिहिले नाहीत, तर नापास करते मुलांना."

"म्हणजे आतापर्यंत..."

"चारशेच्या आसपास," बाई हळूच म्हणाल्या. "त्यातला एक माझा भाचा. दोनदा."

मग बाईंनी पर्स स्टुलावर ठेवली, बाह्या वर केल्या आणि फरशीवरचा कोंबडा मांडीवर घेतला.

"पोट नीट रंगलं नाहीये," त्या म्हणाल्या. "पिशवीत आणखी धूळ आहे का?"

मावशींनी धुतलेला कोंबडा पुसून कपाटात ठेवला, बादली उचलली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. व्हरांड्यात पहारेकरी उभा होता.

"आत काय गडबड आहे, मावशी?"

"हळू बोल," मावशी म्हणाल्या. "अभ्यास चाललाय."