हँडलवाला आणि चावीवाला

मुनीरमामू मला दोन वर्षं माझ्या थोरल्या भावाच्या नावानं हाक मारत होते. भाऊ माझ्यापेक्षा वीतभर उंच, वर झुपकेदार मिशा. पण मामूंना माणसं सगळी सारखीच दिसतात. कॅमेरे मात्र सारखे दिसत नाहीत.

केजला आमच्या शेजारी राहणाऱ्या मामूंचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. एकावर एक दोन भिंगं असलेला, पोटाशी धरून वरून मान खाली घालून बघायचा तो रिळाचा कॅमेरा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कुणाच्या माळ्यावर असला कॅमेरा सापडला, की कोणता ते ओळखायला तो मामूंकडे येतो. मामू आधी त्याच्यावरचं नाव अंगठ्यानं झाकतात. "पाटी कुनाची बी लावता येती बे!" मग डोळे मिटून, वैद्यानं नाडी बघावी तशी बोटं फिरवतात. रीळ सरकवायला हँडल आहे की गोल चावी? भिंगाभोवतीची कडी कशी आहे? मी एकदा "दोन्ही एकच की" म्हणालो, तर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे भावाशी बोलले नाहीत. तो बिचारा कोड्यात.

मामूंचं खरं भांडण मात्र सोपानकाकांशी. काका घाटनांदूरचे फोटोग्राफर, तरुणपणापासूनचे दोस्त. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून कॅमेरे घेतले. मामूंचा हँडलवाला, काकांचा चावीवाला. "फोटू तर सारखाच येतो की," असं काका मुद्दाम म्हणायचे आणि मामू अर्धा चहा टाकून उठायचे.

यंदा काकांची स्मरणशक्ती गेली. ते घरच्यांनाही ओळखेनात.

"मला इसरला तरी कॅमेरा इसरनार न्हाई," म्हणत मामू आपला हँडलवाला पोटाशी धरून माझ्या मोटारसायकलवर बसले. आम्ही घाटनांदूर गाठलं.

काका बाजेवर बसले होते, मांडीवर चावीवाला. त्यांनी मामूंकडे पाहिलं. "कोन पाव्हनं?"

मामूंनी कॅमेरा पुढं केला. काकांनी हँडल फिरवलं आणि एकदम खुलले. "ह्यो माझा! हँडलवाला! इतके दिस कुटं व्हता?" मग मांडीवरचा चावीवाला उचलून मामूंच्या हातात दिला. "ह्यो मुनीरचा हाय. केजला जाता का, पाव्हनं? त्याला नेऊन द्या. न्हाईतर लई भांडंल."

मी तोंड उघडलं. मामूंनी माझा हात दाबला.

"बरोबर हाय, सोपान," ते म्हणाले. "हँडलवाला तुझाच. ह्यो देतो मुनीरला."

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "मामू, तुमचा कॅमेरा गेला की!"

"गेला तर गेला बे." चावीवाला सांभाळत ते मागे बसले. "माझं नाव हाय त्याच्या ध्यानात. मी भांडतो, हे बी हाय."