सुनंदाबाईंचे चौदाशे बारा गुण

सुनंदाबाई गेल्या त्याला तीन महिने झाले होते. पण त्यांचे दोनशे चाळीस गुणही गेले, हे दिनानाथांना एका रविवारी सकाळी कळलं. गॅसवर वरण ठेवून ते संगणकापाशी बसले होते. वरण करपलं तरी ते उठले नाहीत.

'चुलीपाशी' हे इंटरनेटवरचं स्वयंपाकाचं संकेतस्थळ. सुनंदाबाई तिथे पाच वर्षं पाककृती लिहीत होत्या. लिहिलेलं आवडलं की बायका अधिकचं बटण दाबत, नाही आवडलं की उण्याचं. त्यातून गुण ठरत. शंभरापर्यंत 'नवशिकी', पुढे 'सुगरण' आणि हजारावर 'अन्नपूर्णा'. अन्नपूर्णेचं एक मत दहा गुणांचं. सुनंदाबाईंचे चौदाशे बारा होते. आजारपणातही त्या "आज किती झाले हो?" विचारायच्या आणि दिनानाथ आकडा वाचून दाखवायचे. आज तिथे अकराशे बाहत्तर दिसत होते.

त्यांनी नाशिकला लेकीला फोन लावला.

"ज्ञानदा, आईचे गुण कापलेत कोणीतरी."

"थांबा, बघते." पलीकडे बराच वेळ नुसतं बटणांचं टकटक ऐकू आलं. "बाबा, 'वरणात पाणी किती घालावं', हे आईच्या नावानं कोणी विचारलंय?"

"मीच. तिचंच खातं उघडं होतं."

"आणि 'अर्धा तास झाला तरी कुकरची शिट्टी होत नाही', हे?"

"तेही मीच. एका बाईनं अगदी बरोबर सांगितलं हो. म्हणाली, शिट्टी लावलीय का बघा. लावली नव्हती."

"बाबा! अन्नपूर्णा असले प्रश्न विचारते का? स्वतःचं खातं उघडा. नाहीतर सरळ सांगून टाका त्यांना, की आई आता..."

"बघू," म्हणून दिनानाथांनी फोन ठेवला.

तेवढं एक त्यांना जमत नव्हतं. तिचं खातं उघडलं की नावापुढे हिरवा ठिपका यायचा आणि खाली अक्षरं उमटायची, 'सुनंदा (बोळिंज) हजर आहेत'. बत्तीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी सांभाळलेल्या माणसाच्या हातून ही हजेरी काही पुसवत नव्हती.

त्यापेक्षा गेलेले गुण कमावून भरून काढावेत, असं त्यांनी ठरवलं. लगेच संधीही आली. कोणीतरी लिहिलं होतं, 'पुरण पातळ झालंय, पाहुणे पानावर बसलेत, लवकर सांगा!' दिनानाथांनी लिहिलं, 'पाहुण्यांना वाट्या द्या.' पाच मिनिटांत सात अन्नपूर्णांनी उणी दिली.

मग उमेळे गावच्या आल्बिनाने सगळ्यांसमोर विचारलं, 'सुनंदाताई, मी केळी वाळवून सुकेळी केली होती, ती कशानं बिघडली होती? तुम्हीच चूक काढली होती, आठवतंय ना?'

ही सरळ परीक्षाच होती. दिनानाथांनी विचार केला. पदार्थ बिघडतो तो मिठानंच, हा त्यांचा तीन महिन्यांचा अनुभव होता. त्यांनी ठोकून दिलं, 'मीठ जास्त पडलं होतं.'

'सुकेळ्यांत मीठ?' आल्बिनाने लिहिलं. 'बायांनो, बघताय ना?' बायांनी बघितलं. आणखी आठ उणी. एक हजार बावीस.

अजून तीन उणी पडली की अन्नपूर्णेची सुगरण होणार! दिनानाथांना राहवेना. कारखान्यात चुकीचा लेट मार्क पडला, तर कामगार अर्ज करायचा आणि दिनानाथ तो तपासून मार्क काढून टाकायचे. त्यांनी व्यवस्थापकांना रीतसर अर्ज लिहायला घेतला.

'विषय: गुणकपात रद्द होणेबाबत. अर्जदार: दिनानाथ, बोळिंज, विरार पश्चिम.' पुढे इमारतीचं नाव, मजला, खोली क्रमांक. सवयीने हात चालत होता. 'सदर चुका अर्जदाराच्या असून त्यांची शिक्षा पत्नीस होऊ नये. पत्नी स्वतः अर्ज न करण्याचे कारण:' इथे हात थांबला. पण रकाना कोरा ठेवून अर्ज पुढे पाठवणं त्यांना आयुष्यात ठाऊक नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'मयत.'

मग त्यांनी बटण दाबलं. पण ते बटण व्यवस्थापकांकडे पाठवायचं नव्हतं, सगळ्यांसमोर लावायचं निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दारात एक बाई उभ्या. हातात केळीच्या पानात बांधलेली पुडी, डोळे लाल.

"भावोजी, मी आल्बिना. उमेळ्याची."

"मीठ माझी चूक होती," दिनानाथ घाईने म्हणाले.

"मीठ राहू द्या! असं कोणी कळवतं का? अर्ज लिहून? विषय घालून?"

"बसा. चहा टाकतो."

"नको, तुम्ही बसा. तुमचं वरण आख्ख्या गावाला माहितेय." ती स्वतःच स्वयंपाकघरात शिरली. आतून म्हणाली, "पहिलं उणं मीच दिलं हं. राग धरू नका."

"पण तिनं तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"तिनं? अहो, आम्हाला वाटलं, कोणीतरी मेल्यानं ताईचं खातं चोरलंय, तिचं नाव घालवतोय. मी सगळ्यांना फोन केले. म्हटलं, द्या उणी, पळवून लावू चोराला! सतरा जणी होतो आम्ही."

दिनानाथ खुर्चीत बसले. म्हणाले, "म्हणजे तुम्ही तिच्या बाजूनं होतात."

"मग काय तुमच्या?"

तीन महिन्यांत ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. आल्बिनाने पुडी सोडली. सुकेळी मधासारखी झाली होती.

एकदा दिलेलं उणं परत घेता येत नव्हतं. म्हणून आल्बिनाने घरी जाऊन पुन्हा फोन केले आणि सतरा जणी सुनंदाबाईंच्या जुन्या पाककृती काढून अधिकची बटणं दाबत सुटल्या. एकाच नावाला एवढी अधिक मतं बघून यंत्राला संगनमताचा वास आला. उणी पडताना मात्र त्याला कसलाच वास आला नव्हता. त्याने सगळी नवी मतं रद्द केली आणि सुनंदाबाईंचं खातं कायमचं बंद केलं, एक हजार बावीसवर.

सगळ्यांसमोर लागलेल्या अर्जावर व्यवस्थापकांचं उत्तर आलं, 'पुन्हा अर्ज केल्यास विचार करू.' दिनानाथांनी केला नाही. ज्ञानदा फोनवर चिडली, "हा अन्याय आहे, बाबा!"

"आहे," ते म्हणाले. "पण हा मार्क मला काढावासा वाटत नाही गं. एवढ्या बाया तुझ्या आईसाठी भांडल्या."

त्यांनी आता स्वतःचं खातं उघडलंय. करपलेली भांडी कशी घासावीत यावर त्यांनी लिहिलं, ते बायकांना आवडलं, त्याचे अकरा गुण मिळाले. नवशिकीला अन्नपूर्णांना पत्र पाठवायचं तर पंचवीस लागतात. सतरा जणींचे आभार मानायचे अजून राहिले आहेत.