महापौरांची घरातली सभा

गुरुपादअण्णांच्या घरी शिळी भाकरी नसते. 'मागील सभेतून तहकूब झालेला विषय' असतो.

अण्णा माझे शेजारी, सोलापूरचे माजी महापौर. महापौरपद गेलं, पण सभा काही अंगातून गेली नाही. आमटीत मीठ घालायचं तरी सूचक लागतो, अनुमोदक लागतो. मी निवृत्त शिक्षक, सहज चहाला डोकावलो की अनुमोदक सापडल्याच्या आनंदात त्यांचा चेहरा फुलतो. 'बोला गुरुजी, अनुमोदन हाय?' मी मान हलवली की घंटेऐवजी वाटी आपटून 'विषय मंजूर!' विरोधी पक्षात एकट्या त्यांच्या पत्नी, शांताकाकू. माहेर कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीचं. त्या कानडीत 'बेड!', म्हणजे नको, म्हणाल्या की मंजूर झालेला विषयही तिथंच बारगळतो.

असा हा माणूस खासदार झाला, मग पक्षाचा राष्ट्रीय सरचिटणीस. टीव्हीवर देशाच्या प्रश्नांवर बोलू लागला. आमच्या गल्लीची छाती फुगली. काकू मात्र टीव्हीकडे बघून म्हणत, 'घसा बसलाय ह्यांचा. गार पाणी पीत असणार.' पण अण्णांबरोबर दिल्लीला काही त्या गेल्या नाहीत.

परवा अण्णा आले आणि मला बोलावणं आलं. विशेष सभा. विषय एकच : सौ. शांताबाई यांनी दिल्लीस राहावयास यावे. मी बसायच्या आधीच अनुमोदन देऊन टाकलं.

'बंगला हाय, बाग हाय,' अण्णा म्हणाले.

'बेड.'

'मंत्र्यांच्या बायका भेटायला येतील की.'

'मग तर बेडच. त्यांच्याशी हिंदी कोण बोलणार?'

'विमानानं नेतो.'

काकू शेंगा सोलत राहिल्या.

अण्णांनी वाटी उचलली, पण आपटली नाही. माझ्याकडे बघितलं, मग फरशीकडे.

'तितं माणसं लई असतात गं,' ते म्हणाले. 'मी आलो की सगळी उठून उभी राहतात. पण ती गेली की एकटाच जेवाय बसतो. घास उतरत न्हाय. शांता, मला तितं करमत न्हाय.'

इतक्या वर्षांत सूचक-अनुमोदकाशिवाय अण्णांच्या तोंडून निघालेलं हे एकच वाक्य असेल. मी चपला शोधू लागलो.

काकूंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले.

'मग हे पयलंच सांगायचं की,' त्या म्हणाल्या आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल ओढू लागल्या.