लाल कडेचं कार्ड

विसरभोळेपणावर मी कायमचा उपाय शोधलाय, असं त्या आठवड्यात मी भेटेल त्याला सांगत होतो. कुणी विचारलं नाही तरी सांगत होतो.

गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये मी कामाला आहे. गाडीला हात लावायचं काम माझं नाही. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची आणि ती मिस्त्रींपर्यंत पोचवायची, एवढंच. पण काउंटरपासून मिस्त्रींपर्यंत जाईतो मधे तीन फोन येतात, आणि ज्याचा ब्रेक किंचाळत असतो त्याची काच दुरुस्त होते. एकदा मालकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्हाला ऐकू कमी येतं की आठवतं कमी?" तेव्हापासून जेवताना, दाढी करताना, सारखं वाटायचं की आपण काहीतरी विसरलोय, आणि काय विसरलोय तेही विसरलोय.

म्हणून मी जाड इंडेक्स कार्डांची गड्डी आणली. कार्डं अर्धी कापली, म्हणजे शर्टाच्या खिशात बसतात. कोपरे नेलकटरने गोल केले. शर्टाच्या खोक्याचा निळा पुठ्ठा कव्हरला, कोपऱ्यात भोक पाडून किल्ल्यांची रिंग, आणि वही आपोआप उघडू नये म्हणून जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक. कार्डांच्या कडा नेलपॉलिशने रंगवल्या. हिरवी कड म्हणजे सावकाश चालेल, लाल कड म्हणजे आधी हे.

"ते नेलपॉलिश मी मैत्रिणीच्या लग्नासाठी आणलं होतं," बायको म्हणाली.

"थोडंच वापरलंय."

तिने बाटली उलटी करून दाखवली. त्यातून काही आलं नाही.

पण वही तिला आवडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबांना पण एक करून दे ना. डॉक्टरांसमोर बसले की त्यांचं एकच, सगळं ठीक आहे. सोमवारी तपासणी आहे आणि मला रजा नाही. आई जाईल बरोबर, पण तिला ते बोलू देत नाहीत."

मला काय, हात शिवशिवतच होते. रविवारी दुपारी ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. त्याच बैठकीत गॅरेजच्या सोमवारच्या गाड्याही उतरवून काढल्या. माझा एक नियम होता: शब्द वाचवायचे. नाव नाही, गाव नाही, थेट तक्रार. दोन्ही वह्यांना एकाच खोक्याचा निळा पुठ्ठा. कडा वाळेपर्यंत कार्डं जेवणाच्या टेबलावर पसरली, मग ओवून टाकली.

सोमवारी सकाळी बायको एक वही बाबांकडे पोचवून ऑफिसला गेली. दुसरी माझ्या खिशात. "लाल कडेचं कार्ड काढायचं आणि डॉक्टरांच्या हातात द्यायचं, बोलायची गरजच नाही," हे मी बाबांना फोनवर पढवून ठेवलं होतं. ते "बरं" म्हणाले. माझे सासरे जास्तीत जास्त तेवढंच म्हणतात.

गॅरेजमध्ये पहिलीच गाडी वकीलबाईंची होती. आमच्या सगळ्यात कडक गिऱ्हाईक. त्या तक्रार सांगायला लागल्या की आपणच आरोपी आहोत असं वाटतं. मी रिंगमधून लाल कड सोडवली, न वाचताच मिस्त्रींना दिली आणि काउंटरवर येऊन बसलो. खूप दिवसांनी काही विसरल्यासारखं वाटत नव्हतं. मालक समोरून गेले तेव्हा मी त्यांच्याकडे बघून हसलोसुद्धा.

तासाभराने वकीलबाई गाडी न्यायला आल्या. गाडीखाली मिस्त्री, आणि गाडीची टाकी गाडीबाहेर.

"हे काय चाललंय?"

मिस्त्री बाहेर सरकले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुमचं कुणाशी वाकडं आहे का? टाकीत साखर टाकलीय कुणीतरी. इंजिन खलास करायचं असलं की टाकतात."

 वकीलबाईंनी पर्समधून फोन काढला. "वरच्या मजल्यावरचा," त्या मला म्हणाल्या. जणू मी त्याला ओळखत होतो. पुढची काही मिनिटं त्या फोनवर जे बोलल्या ते ऐकायला शेजारच्या दुकानातली माणसंही बाहेर आली. पार्किंग, कुंड्यांचं पाणी, पहाटे सरकवलेल्या खुर्च्या, सगळं निघालं.

मी मिस्त्रींना बाजूला घेतलं. "साखर मिळाली का टाकीत?"

"अजून नाही. पण तुम्हीच लिहिलंय ना."

त्यांनी खिशातून तेलकट कार्ड काढलं. लाल कड, माझं अक्षर: "साखर फार वाढलेली. पाणी सारखं लागतं. चालताना तोल जातो."

"पाण्याचं मी रेडिएटर बघून घेतलं," मिस्त्री म्हणाले, "आणि तोलाचं म्हणजे चाकांचं अलाइनमेंट, ते दुपारी करतो."

 हे बाबांचं कार्ड होतं. म्हणजे वकीलबाईंच्या गाडीचं कार्ड आता डॉक्टरांच्या हातात असणार. मी बाबांना फोन केला, बंद. आईंना केला, उचलला नाही. चुकीच्या कार्डावर चुकीचं औषध दिलं तर? बायकोला काय सांगू, तुझ्या वडिलांवर गाडीचे उपचार झाले? मालक काहीतरी विचारत होते, मी रिक्षात बसलोसुद्धा होतो.

दवाखान्याचा जिना धडपडत चढलो. बाबा पलंगावर आडवे, छातीला वायरी. आई खुर्चीत त्यांच्याकडे पाठ करून बसलेल्या. मला बघून बाबांनी मान भिंतीकडे वळवली.

"डॉक्टर, ते कार्ड..." मी सुरुवात केली.

"तुम्हीच का जावई?" डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. "असं नेमकं लिहून आणणारे नातेवाईक मी पाहिले नाहीत." आणि त्यांनी वाचून दाखवलं, "चढावर दम. सकाळी सुरू व्हायला वेळ. धूर, हल्ली जास्त. मागून आवाज."

ते वकीलबाईंच्या गाडीचं होतं.

"मागून आवाज या वयात चालायचाच," डॉक्टर म्हणाले. "पण दम आणि धूर म्हटल्यावर मी लगेच कार्डिओग्राम काढला. हृदयाला रक्त कमी पडतंय. ठेवून घेतो, पुढच्या तपासण्या करू. वेळेवर आणलंत. नुसती साखर बघून घरी पाठवलं असतं मी."

"पण धूर..."

"त्यांनी कबूल केलं ना. गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, रोज. डबी कुठे लपवतात तेही सांगितलं."

आईंची पाठ आणखी ताठ झाली.

मी बाहेर बाकावर येऊन बसलो.  तेवढ्यात वकीलबाईंचा फोन. टाळण्यात अर्थ नव्हता. सगळं सांगून टाकलं. साखर माझ्या सासऱ्यांची आहे, टाकीत काही नाही, वरच्या मजल्यावरच्याने काही केलेलं नाही.

 त्या म्हणाल्या, "सासरे कसे आहेत?"

"वेळेवर आलो म्हणतात."

"ठीक. टाकी नीट बसवून घ्या."

"आणि तुम्ही फोनवर वरच्या मजल्यावरच्यांना जे बोललात..."

"ते मला बरेच दिवस बोलायचं होतं. ते तसंच राहू दे."

संध्याकाळी बायको आली, वडिलांचा हात धरून रडली आणि मग माझाही धरला. "माझ्या लक्षात आलं नाही, तुझ्या आलं," म्हणाली. आईंनी तोवर नातेवाइकांना फोन करून माझ्या बारीक नजरेचं कौतुक सुरू केलं होतं. मी चहा आणायला म्हणून तीनदा खाली गेलो.

शेवटी दोघी औषधं आणायला गेल्या आणि खोलीत मी आणि बाबा राहिलो. ते अजून भिंतीकडेच बघत होते.

"तुम्ही गच्चीवर मला कधी पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं नाही, बाबा."

"मग कार्डावर कसं लिहिलंत?"

मी खुर्ची जवळ ओढली आणि खरं ते सांगितलं. ते कार्ड एका गाडीचं होतं. दम गाडीला लागत होता, धूरही गाडीच सोडत होती.

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. यंत्रावरची रेघ जरा जोरात उड्या मारायला लागली, तेव्हा मी घाबरून बेलकडे हात नेला. त्यांनी तो धरला.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं."