निरभ्र आकाशाचा अहवाल

एका जंगलात, समुद्रापासून बरंच आत, प्राण्यांचं एक मंडळ होतं. बाळांनो, मंडळ म्हणजे काय ते आत्ता विचारू नका. मोठे झालात की कुणीतरी तुम्हाला त्यात ओढतंच.

रेडेबापू अध्यक्ष. कोल्हेभाऊ चिटणीस. बाकीचे सतरंज्या उचलायला.

या मंडळाची एक पद्धत होती. कार्यक्रमाचा अहवाल आदल्या दिवशीच लिहून ठेवायचा. मागाहून कोण लिहीत बसणार? समुद्राच्या सहलीचाही लिहिला. ‘आकाश निरभ्र होते. चिवडा पुरला. सर्व सभासद सुखरूप परतले.’ बापूंनी न वाचता सही ठोकली.

सकाळी सगळे किनाऱ्यावर पोचले. ऊन लख्ख होतं. शेळीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात खूर भिजवले आणि लाजल्या.

तेवढ्यात वाळूतून कासवीण मावशी आल्या.

“अहो, दक्षिणेला आभाळ काळं झालंय. भरतीही लागलीय. त्या खडकावर जाऊ नका.”

“मावशी, तुमचं शिक्षण किती?” कोल्हेभाऊंनी विचारलं.

“शिक्षण नाही बाबा. दोनशे वर्षं नुसती पाण्यात आहे.”

“मग राहू द्या. अहवालात आकाश निरभ्र आहे.”

सगळे खडकावर चढले. मंडळाचा फलक धरून फोटो काढायचा होता ना! फलकाची एक दोरी बांधली झाडाच्या खुंटाला. दुसरी दिली शेळीबाईंच्या तोंडात.

“फोटो होईपर्यंत तोंड उघडायचं नाही,” बापू म्हणाले.

शेळीबाईंनी मान हलवली. दुसरं काय करणार?

माकडानं फोटो काढला. बापूंचे डोळे मिटले. पुन्हा काढला. कोल्हेभाऊंची शेपटी आली नाही. तिसऱ्या वेळी वारा सुटला आणि धो धो पाऊस कोसळला. सगळे पळाले. फोटो झाला की नाही, हे शेळीबाईंना सांगायला कुणी थांबलं नाही. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा चहूकडे पाणी होतं.

“अहो, मी राहिले! मला पोहता येत नाही!”

“बापू, शेळीबाई राहिल्या,” ससा म्हणाला.

कोल्हेभाऊंनी अहवाल उघडला. “असं कसं? इथं सर्व परतल्याची नोंद आहे.”

बापूंनी किनाऱ्यावरून हाक मारली, “शेळीबाई, तुम्ही कधीच परतलाय! उगाच गैरसमज पसरवू नका!”

आणि गेले की हो सगळे घरी.

पाणी शेळीबाईंच्या पोटाला लागलं, तेव्हा कासवीण मावशी खडकाशी आल्या. “बस पाठीवर, बये. रडायचं ते वाळूवर जाऊन रड. इथं आधीच पाणी जास्त झालंय.”

तिसऱ्या दिवशी लंगडत लंगडत शेळीबाई जंगलात पोचल्या. मंडळाची सभा चालू होती. कोल्हेभाऊ अहवाल वाचत होते. शेळीबाई सरळ पुढं गेल्या आणि अहवाल खाल्ला. सहीसकट.



“आता हो?” सशानं विचारलं.

“अहवाल नाही, म्हणजे सहल झालीच नाही,” कोल्हेभाऊ म्हणाले.

“मग?”

“मग येत्या रविवारी परत जायचं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. फलक धरायला शेळीबाईंचं नाव एकमतानं ठरलं. अनुभवी आहेत म्हणून.

तात्पर्य: बाळांनो, समुद्रावर जाताना आभाळ बघत बसू नये. अहवालाच्या दोन प्रती कराव्यात आणि दोन्ही शेळीचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर ठेवाव्यात.