कमरेत लचकलेली गिटार

निवृत्त झाल्यावर पुनमचंद आडे यांनी आयुष्यात प्रथमच वरिष्ठांची मंजुरी न घेता एक निर्णय घेतला: यापुढे दुपारी झोपायचं नाही. एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं ते दुपारचे झोपत आले होते आणि पगार चालू होता तोवर त्यात मजाही होती. बिनपगारी झोपेला ती चव नाही, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं.

पण दुपार ही वेळच अशी असते, की माणूस झोपला नाही तर स्वप्नं उघड्या डोळ्यांनी पडू लागतात. त्यात फाल्गुनाचे दिवस. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या अलीकडच्या त्यांच्या बंजारा तांड्यावर जिकडे तिकडे शिजवलेली हळद वाळत पडलेली. वाऱ्याला हळदीचा वास, उन्हाला हळदीचा रंग, आणि माशीसुद्धा उडता उडता मध्येच पेंगून घेणारी. अशा एका दुपारी ओट्यावर खाट टाकून, मोबाइल छातीवर धरून पुनमचंद पडले होते, तेव्हा त्यांना ती दिसली.

ती गिटार होती. इलेक्ट्रिक, फिकट निळी, आणि वाकडी. नेहमीच्या गिटारीची कंबर दोन्ही बाजूंनी समोरासमोर असते. शाळेच्या कवायतीत उभी असल्यासारखी. हिची एक बाजू वर सरकलेली, दुसरी खाली. जणू कुशीवर लवंडली आहे, एक पाय लांब केला आहे, आणि कोणी उठ म्हणालं तर "थांबा हो जरा" म्हणणार आहे. खाली लिहिलं होतं, 'ऑफसेट बॉडी'. ऑफसेटवर लग्नपत्रिका छापतात, एवढंच पुनमचंदांना ठाऊक होतं. पण वाचायची सवय जुनी (कचेरीत दुसरं करायचं काय?). पुढच्या तीन दुपारी त्यांनी या विषयावर सापडेल ते वाचून काढलं.

त्यातून त्यांना असं कळलं, की हा आकार बसून वाजवणाऱ्यांसाठी काढलेला आहे. बाकीच्या गिटारी नाचणाऱ्यांच्या, ही बसणाऱ्यांची. मांडीवर घेतली की आपोआप तोल धरते, आणि पोट असलं तर तिच्या बाकात तेही सुखानं मावतं. चौतीस वर्षं बसून काढलेल्या माणसाचा विचार जगात कोणीतरी केला होता, या कल्पनेनंच पुनमचंद हळवे झाले. शिवाय अंगात गुण किती! एक खटका वर केला की आवाज पितळी भांड्यासारखा लखलखीत, खाली केला की गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा मऊ. आणि तारांशेजारी एक लांब दांडी. ती दाबली की सूर पाण्यात उतरल्यासारखा लवतो, सोडली की निथळत वर येतो.

तो लवणारा सूर त्यांच्या ओळखीचा होता. चाळीस वर्षांपूर्वी, हिंगोलीला कॉलेजात असताना, गॅदरिंगला आलेल्या ऑर्केस्ट्रात असल्याच वाकड्या अंगाची गिटार घेऊन एक जण खुर्चीत बसला होता. बाकी सगळे घामाघूम होऊन नाचत होते; तो तेवढा डोळे मिटून कुठेतरी दूर गेलेला. त्याचा एक सूर पुनमचंदांच्या कानात शिरला तो परत निघालाच नाही. नोकरी, लग्न, तीन लेकरं, दोन बदल्या, सगळं त्या सुराच्या आजूबाजूनं होऊन गेलं.

गिटार मागवली गेली. चौथ्या दिवशी ती सेनगावहून जीपच्या टपावर बसून आली. सोबत आवाज मोठा करणारी एक पेटी, जिची खुंटी पिळली की विहिरीत हाक मारल्यासारखा घुमारा येई. निर्मलाबाईंनी खोकं उघडलेलं पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"अवो, हे तर वाकडं आलंय."

"वाकडं नाही. ऑफसेट आहे."

"वाटंत दबलं असंल. जीपवाले पोत्यावर पोतं टाकतेत."

"कंपनीनंच तशी केली आहे."

"मंग कंपनीला काहून माफ करून राहिले? पैसे देऊन माणसानं सरळ घ्यावं."

"अगं, मांडीवर घेऊन तर बघ, कशी बसते!"

"माझ्या मांडीवर तीन लेकरं बसून गेली. आता लाकूड न्हाई बसवत मी."

माल परत करायची मुदत सात दिवस असते, ही बातमी पुण्याच्या संतोषनं आईला आधी आणि बापाला नंतर कळवली. (मुलगा कर्तबगार आहे.) निर्मलाबाईंनी तिथल्या तिथे अट घातली.

"सात दिसांत तांड्यातलं एक माणूस दाखवा, ज्याला हे ऐकून काही झालं. डोकं दुखणं सोडून. न्हाई तर आलं तसं वापस."

पुनमचंद कामाला लागले. लखलखीत खटक्यावर त्यांनी भजनाची चाल धरली. तांड्याचे नाईक हिरासिंग थांबले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "पुनमचंद, पंख्याला तेल घाल." मऊ खटक्यावर होळीचं गाणं, लेंगी, वाजवलं, शेजारणीनं भिंतीपलीकडून विचारलं, "भाऊ, पोट बरं न्हाई का?" पाचव्या दिवशी गोठ्याजवळ वाजवताना म्हशीनं रवंथ थांबवून त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं. पण म्हैस माणसात धरत नाहीत, असं निर्मलाबाईंचं म्हणणं पडलं.

सातवा दिवस उजाडला. चार वाजता पार्सल न्यायला माणूस येणार होता. निर्मलाबाई शेतात हळदीच्या शिजवणीवर गेल्या. घरात पुनमचंद आणि ती, दोघंच. त्यांनी दार लोटून घेतलं, तिला शेवटची मांडीवर घेतली. ती नेहमीसारखी लवंडली, पोटाला टेकली, आणि हीच तिची कायमची जागा असल्यासारखी स्वस्थ झाली. पुनमचंदांनी खटका मऊ केला, घुमारा भरपूर ठेवला आणि डोळे मिटले.

खरं सांगायचं तर त्यांना सूर दोनच येत होते. पण दांडी हातात असली की दोन सुरांमध्ये जागा पुष्कळ असते. ते वरच्या सुरापासून निघत, हळूच घसरत, मध्ये कापरं भरल्यासारखे थांबत, खाली टेकत आणि हुंदका द्यावा तसे पुन्हा वर येत. बंद डोळ्यांसमोर पिवळं ऊन पाण्यासारखं हलत होतं. त्यात ते तरंगत होते. वय नव्हतं, वजन नव्हतं, चार वाजायचे नव्हते.

आता तांड्यावरची रीत सांगायला हवी. तिथली बाई दुःखात नुसती रडत नाही, सुरात रडते. वरून सुरुवात, हळूहळू घसरण, कापरं, हुंदका, पुन्हा वर. पुनमचंदांच्या घरातून येणारा हुबेहूब तसलाच सूर पहिल्यांदा ऐकला जिवनबाईनं. वय ऐंशी, सगळा तांडा तिला याडी, म्हणजे आई म्हणतो. लेक सासरी निघो की माणूस देवाघरी जावो, पहिलं रडणं याडीचं. आणि दुसरी रीत अशी, की दुःखाच्या दारात जाऊन "कोण गेलं?" असं विचारायचं नसतं. ते वाईट दिसतं. आधी ओढणी तोंडावर घ्यायची, बसायचं, रडायचं. नाव यथावकाश कळतं.

याडी पुनमचंदांच्या दारात बसली आणि तिनं सूर धरला. तिला पाहून चौघी आल्या, चौघींना पाहून दहा. प्रत्येकीला वाटलं, आपल्या आधीच्या बाईला नाव माहीत आहे. पुरुषांनी मात्र डोकं चालवलं. आवाज पुनमचंदच्या घरातून, निर्मलाबाई शेतात धडधाकट दिसल्या, राहिलं कोण? हिरासिंग नाईकांनी मोबाइल काढून पाहुण्यांना कळवायला सुरुवात केली. दोघे गोवऱ्या आणायला गेले.

आत पुनमचंदांनी एक डोळा किलकिला केला. दाराच्या फटीतून दिसलं ते त्यांना खरं वाटेना. ओट्यावर पंधरा बायका! रडत होत्या! एक माणूस दाखवा म्हणाली होती. इथे अर्धा तांडा विरघळला होता. त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी दांडी आणखी दाबली. बाहेरून दुप्पट हुंदका आला. त्यांनी त्याला उत्तर दिलं. याडीनं त्याच्यावर तान घेतली. जुगलबंदी रंगली.

"लई गरीब माणूस होता ग!" बाहेरून आवाज आला.

"कधी कोणाला तकलीफ दिली न्हाई!"

"कचेरीत होता तरी कोणाचं कामबी केलं न्हाई!"

'होता' हे पुनमचंदांना किंचित खटकलं. पण कौतुक ऐकताना फार चिकित्सा करू नये, म्हणून ते वाजवत राहिले.

एवढ्यात निर्मलाबाई आल्या. त्यांना पाहताच दोघींनी गळ्यात पडून हंबरडा फोडला. रीत ती रीत. निर्मलाबाईही त्या ओघात रडू लागल्या. याडी सगळ्यांत पुढे रडते आहे म्हणजे तिचा भाऊ गेला असेल, असं त्यांना वाटलं. चांगलं पोटभर रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि पाहिलं, की दार आपलं आहे. हातातला डबा खाली पडला. बायकांना बाजूला सारत त्या धावल्या आणि दार ढकललं.

समोर पुनमचंद डोळे मिटून डुलत होते. दाराचा आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले, बायकोचे भरलेले डोळे पाहिले आणि विजयानं ओरडले, "बघ! तुझेसुद्धा!"

निर्मलाबाई उंबऱ्यावरच मटकन बसल्या. "जित्ते हाव का तुमी?"

"म्हणजे?"

शेवटचा सूर पेटीत घुमत घुमत विरला. नाईक पुढे आले, त्यांनी पुनमचंदांना नीट न्याहाळलं आणि कपाळाला हात लावला.

"जित्ता होतास तर आधी सांगायचं की! औंढ्याहून तुझे साडू गाडी करून निघालेत."

गर्दीच्या मागे एक तरुण हेल्मेट हातात धरून, मान खाली घालून उभा होता. कंपनीचा माणूस, रणजीत. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, अशा वक्ताला विचारू नये... पण पार्सल तयार हाय का?"

"थांब," याडी म्हणाली. तिनं गिटार मागितली. जमिनीवर बसल्या बसल्या मांडीवर घेतली. लेकरू बसावं तशी ती बसली. याडीनं सुरकुतलेल्या बोटानं एक तार छेडली, दांडी दाबली. अंगावर काटा यावा असा सूर निघाला.

"लबाड हाय," याडी म्हणाली, "पण रडतंय बराबर." मग ती पुनमचंदांकडे वळली. "पुनम्या, ऐक. या वयात एका माणसासाठी एकदाच रडणं व्हतंय माझ्याच्यानं. तुझं झालं. आता खरंच गेलास तर मला बोलावू नको."

"आमचंबी झालं," बाकीच्या बायका ओढण्या सावरत उठल्या.

रणजीतनं घड्याळात पाहिलं. "मंग नेऊ का हे?"

पुनमचंदांनी बायकोकडे पाहिलं. अट पुरी झाली की नाही, हा प्रश्न आता विचारावा असा राहिला नव्हता. निर्मलाबाईंनी जरा विचार केला.

"न्हाई. राहू दे ते," त्या म्हणाल्या. "हे खरंच गेले तर दारात रडायला काहीतरी पाहिजे."

"अगं, पण तू आहेस की!"

निर्मलाबाईंनी हळदीचे हात पदराला पुसले.

"माझंबी आजच झालं."